सेक्शन अटॅकचा प्लॅन कसा बांधायचा: इंदूरच्या एनसीसी कॅडेटसाठी पहिल्यापासून

ड्रिल लवकर अंगवळणी पडतं. नकाशावाचनही काही रविवार नेटाने घासलं की जमतं. पण फील्ड क्राफ्ट-बॅटल क्राफ्टच्या (मैदानात लपणं, हलणं आणि लढणं शिकवणाऱ्या) तासाला उस्तादांनी समोरच्या टेकाडाकडे बोट केलं आणि "सेक्शन कमांडर, प्लॅन बताओ" म्हटलं की भले भले कॅडेट चाचपडायला लागतात. (सेक्शन म्हणजे दहा जणांची तुकडी.) सहा बॅटल ड्रिल (लढाईतल्या ठरलेल्या कृती) तोंडपाठ असतात, तोंडी आदेशांचे मुद्देही पाठ असतात. तरी ते सगळं त्या टेकाडावर कसं बसवायचं ते सुचत नाही, कारण विचार कुठल्या क्रमाने करायचा हे कुणी सांगितलेलं नसतं.

मी इंदूरच्या कॉलेजातूनच सीनियर विंगमध्ये (एनसीसीच्या कॉलेजातल्या मुलींच्या विभागात) होते, एनसीसीची शेवटची परीक्षा, म्हणजे 'सी' सर्टिफिकेटही केलं आणि नंतर बरीच वर्षं ज्युनियर मुलामुलींची तयारी करून घेतली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे आणि या लेखात ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. हल्ल्याचा प्लॅन धावणाऱ्यांपासून सुरू करायचा नाही, फायर देणाऱ्यांपासून करायचा. एलएमजी, म्हणजे लाइट मशीनगन, कुठे बसणार हे आधी ठरवा. बाकीचे कुठून जाणार हे त्यावरूनच ठरतं.

आपल्या मुलांची अजून एक अडचण असते. घरात मराठी, परेडवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. म्हणून मैदानावर जे शब्द कानावर पडतात तेच इथे ठेवले आहेत.

आधी हे जमवून ठेवा

कागदपत्रं: एनरोलमेंट नंबर असलेलं कॅडेट ओळखपत्र, 'बी' सर्टिफिकेटची प्रत, कॅम्पची प्रमाणपत्रं, युनिफॉर्ममधले फोटो आणि कॉलेजचं ओळखपत्र. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेलाच बसता येत नाही, तेव्हा ती दर महिन्याला एएनओंच्या (कॉलेजातल्या एनसीसी अधिकाऱ्यांच्या) रजिस्टरमध्ये स्वतः पाहा. 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडमध्ये आणि पदवीला ५० टक्के असले तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता, छाननीनंतर थेट एसएसबीला (अधिकारी निवडीच्या मुलाखतीला) जाता येतं. त्यामुळे नुसतं पास होण्यावर समाधान मानू नका, ग्रेडसाठी मेहनत घ्या.

सामान: सर्व्हिस प्रोट्रॅक्टर, युनिटकडून मिळाला तर प्रिझमॅटिक कंपास, टोकदार पेन्सिल, खिशात मावेल अशी वही, शिट्टी, घड्याळ आणि पाण्याची बाटली. जमिनीच्या मॉडेलसाठी रांगोळी, लाकडाचा भुसा, पांढरा दोरा, थोड्या काड्या आणि कागदाच्या चिठ्ठ्या.

१. सेक्शनची मोडणी पक्की करा

रायफल सेक्शन दहा जणांचा. एलएमजी ग्रुपमध्ये तिघं: सेक्शन टूआयसी (सेकंड-इन-कमांड, कमांडरनंतरचा), एलएमजी एक नंबर आणि दोन नंबर. उरलेले सात रायफल ग्रुपमध्ये आणि त्यांच्यात सेक्शन कमांडर स्वतः. ही विभागणी एका कारणासाठी आहे: एक भाग हलत असताना दुसऱ्याने दुश्मनाचं डोकं खाली दाबून ठेवायचं. फायर अँड मूव्ह म्हणतात ते हेच. सगळे एकदम हलले तर फायर कोण देणार, आणि सगळेच फायर देत बसले तर पुढे कोण जाणार?

फॉर्मेशन (हलताना सेक्शनची रचना) सगळी पाठ करा: सिंगल फाइल, फाइल, अ‍ॅरोहेड, डायमंड, स्पिअरहेड, एक्स्टेंडेड लाइन. परीक्षक नावं विचारून थांबत नाहीत, "यहाँ कौन सी?" असं विचारतात. नाल्यात किंवा कुंपणाच्या कडेने सिंगल फाइल (एकामागे एक), उघड्या शेतात अ‍ॅरोहेड, शेवटच्या असॉल्टला (दुश्मनावर धावून जाताना) एक्स्टेंडेड लाइन (आडवी रेघ). एवढं कारणासकट सांगता आलं की पुढे चला.

२. मिळालेलं काम एका वाक्यात लिहा

प्लाटून (सेक्शनच्या वरची तुकडी) कमांडरने, परीक्षेत परीक्षकाने, काम दिलं की लगेच टेकाडाकडे बघू नका. आधी वहीत लिहा: कोण, काय, कुठे, किती वाजेपर्यंत, कशासाठी. "एक नंबर सेक्शन अकरा वाजता हल्ला करून पळसाचं टेकाड काबीज करेल, म्हणजे प्लाटूनला पुढच्या रस्त्यावर जाता येईल."

'कशासाठी' बहुतेकांकडून सुटतं, आणि अडचणीच्या वेळी नेमकं तेच कामाला येतं. समजा टेकाडावर पोहोचलात आणि दुश्मन आधीच निघून गेला होता. आता काय? काम 'टेकाड' एवढंच समजलं असेल तर सेक्शन तिथे उभा राहील. 'रस्ता मोकळा हवा' हे ठाऊक असेल तर तुम्ही रस्त्यावर नजर ठेवता येईल अशी जागा धराल.

३. जमीन वाचा, नकाशावर आणि डोळ्यांनी

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच जमीन घेऊ. सिमरोलच्या बाजूला माळव्यात जागोजाग दिसते तशी, मी मनाने रचलेली.

तुम्ही उत्तरेला तोंड करून उभे आहात. समोर ४०० मीटरवर बुटकं टेकाड, त्यावर एकटा पळस आणि त्याच्या बुडाशी झुडपं. तुमच्या आणि टेकाडाच्या मधे, टेकाडापासून सुमारे २५० मीटर अलीकडे, मुरुमाची जुनी खाण आणि तिच्या काठावर मुरुमाचा ढीग. ढिगापर्यंत बाभळींची रांग गेलेली. डावीकडे कोरडा नाला, काठ कमरेपेक्षा उंच. नाला उत्तरेला जातो आणि टेकाडाच्या डाव्या अंगाला वळतो. वळणावर शिंदीची दोन झाडं. उजवीकडे सोयाबीन काढून झालेलं मोकळं शेत.

या जमिनीला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. दुश्मनाला कुठून कुठपर्यंत दिसतं? त्याच्या गोळीपासून आड कुठे मिळतो, आणि फक्त नजरेपासून आड कुठे? या दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. बाभळीची रांग तुम्हाला लपवते, गोळी अडवत नाही. मुरुमाचा ढीग दोन्ही करतो. मधे अडथळा कुठे आहे? आपलं हत्यार कुठून चांगलं चालेल? आणि दिसत नाही अशी खोलगट जागा कुठे आहे?

अंतर मोजण्याची सवय रोज लावा. शंभर मीटरचा तुकडा डोळ्यांत बसवायचा आणि तो पुढे पुढे टाकत जायचं. मधली सगळी जमीन दिसत असेल तर ही पद्धत चांगली चालते. मधे खोलगट भाग असेल तर फसवते. तेव्हा जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती असेल ते ठरवून मधला आकडा घ्या, किंवा तिघाचौघांना विचारून सरासरी काढा. उजेड स्वच्छ असेल, सूर्य पाठीशी असेल किंवा मधे दरी असेल तर वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. सूर्य डोळ्यांवर असेल किंवा उजेड मंद असेल तर लांब वाटते. पावसाळा सरल्यावर आपल्याकडे हवा इतकी स्वच्छ असते की नवीन मुलं अंतर हमखास कमी सांगतात.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पुस्तकात ती सापडणार नाही. कोरडी असली तर भेगांमध्ये पाय मुरगळतो. पाऊस पडून गेला असेल तर दहा-वीस पावलांतच बुटाच्या तळाला मातीचा जाड थर चिकटतो, पाऊल जड होतं आणि धाव म्हणजे फरफट होते. अशा शेतातून असॉल्ट लिहिलात तर वेळ दुप्पट धरा, नाहीतर वाट बदला.

४. दुश्मनाबद्दल माहिती आणि अंदाज वेगळे लिहा

वहीच्या पानावर मधे उभी रेघ मारा. डावीकडे दिसलेलं किंवा सांगितलेलं: तीन-चार माणसं, एक एलएमजी, पळसाच्या बुडाशी. उजवीकडे तुमचा अंदाज: तोंड दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडे, डाव्या अंगाला नाल्यावर कदाचित एक संत्री (पहारेकरी). आदेश देताना अंदाज माहितीसारखा ठोकून दिलात की परीक्षक लगेच विचारतात, "तुम्हें कैसे पता?" खऱ्या मैदानावर तर त्या संत्रीवरच सगळा प्लॅन अडतो.

वस्तू का दिसते याची कारणं इथे कामाला येतात: आकार, सावली, आकाशाच्या पार्श्वभूमीवरची आकृती, चमक, पृष्ठभाग, सारखं अंतर आणि हालचाल. दुश्मन शोधायला हीच यादी वापरायची आणि स्वतःला लपवायलाही हीच. झुडपांच्या ओळीत एकच झुडूप कोमेजलेलं असेल तर ते तोडून आणून लावलेलं असू शकतं.

५. आधी एलएमजी, मग वाट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

नवीन कॅडेट काय करतात? नाला बघतात, "लेफ्ट फ्लँकिंग" (डावीकडून वळसा) म्हणतात, आणि शेवटी आठवण येते म्हणून "एलएमजी ग्रुप कव्हरिंग फायर देगा" असं जोडून टाकतात. कुठून देणार? तिथून टेकाड दिसतं का? आपली माणसं मधे आली तर काय? उत्तर नसतं.

उलट करा. पहिला प्रश्न: टेकाडावर नजर आणि गोळी दोन्ही पोहोचतील, स्वतःला आड असेल आणि न दिसता जाता येईल अशी जागा कोणती? आपल्या जमिनीवर मुरुमाचा ढीग. अंतर २५० मीटर, समोरून गोळी अडवणारा, आणि पोहोचायला बाभळींची रांग.

आता दुसरा प्रश्न: ढिगावरून फायर चालू असताना रायफल ग्रुपने कुठून जावं म्हणजे ते फायर जास्तीत जास्त वेळ चालू ठेवता येईल? याचं उत्तर कोनात आहे. ढीग टेकाडाच्या दक्षिणेला आहे, म्हणजे एलएमजीची गोळी उत्तरेला जाते. रायफल ग्रुप पश्चिमेकडून, म्हणजे डावीकडून पूर्वेला गेला तर दोन दिशांमध्ये काटकोन होतो. काटकोनात आपली माणसं गोळीच्या वाटेत सगळ्यात उशिरा येतात, म्हणून फायर शेवटच्या टप्प्यापर्यंत देता येतं. समोरासमोर गेलात तर रायफल ग्रुप थोड्याच वेळात स्वतःच्या एलएमजीपुढे येतो आणि फायर बंद करावं लागतं. नेमकं तेव्हाच तुम्ही उघड्यावर असता.

आता तिन्ही वाटा वहीत मांडा. समोरून: अंतर कमी, पण आड नाही आणि आपलंच फायर अडतं. उजवीकडून: कोन चांगला, पण मोकळं शेत, लपायला काही नाही. डावीकडून: नाल्यामुळे शिंदीपर्यंत आड मिळतो, कोन काटकोनाच्या जवळ; धोका एकच, नाल्यावर असला तर संत्री. म्हणून डावीकडून. परीक्षक निवडीपेक्षा कारण ऐकतात. उजवी बाजू घेऊनही चांगले गुण मिळालेले कॅडेट मी पाहिले आहेत, कारण त्यांनी तोटा स्वतःहून सांगितला आणि त्यावर धुराचा उपाय दिला.

तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही: फायर कधी हलवायचं आणि कधी थांबवायचं? असॉल्ट जवळ आला की एलएमजीने फायर टेकाडाच्या उजव्या टोकाकडे, म्हणजे आपल्या माणसांपासून दूर, सरकवायचं आणि मग बंद करायचं. यासाठी खूण ठरवा: शिट्टीचे दोन लांब आवाज. आणि शिट्टी ऐकू गेली नाही तर? टूआयसीने डोळ्यांनी पाहून ठरवायचं: रायफल ग्रुपचा पहिला माणूस झुडपांच्या कडेला पोहोचला की फायर सरकवायचं. एक खूण कानाची, एक डोळ्याची. दोन्ही आदेशात बोलून दाखवा.

मशीनगनसमोर सेक्शन उघडा पडला तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ ऱ्या बटालियनचे, सेक्शन कमांडर. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. कमांडर सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकून ती गन बंद केली, एकाला टॉमी गनने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना गनच्या दस्त्याने लोळवलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय होतं २२ वर्षांचं, म्हणजे तुमच्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठे. बॅटल क्राफ्टच्या वहीत 'फायर फाइट जिंकणे' (आपल्या फायरने दुश्मनाचं फायर दाबणं) हे ड्रिल असॉल्टच्या आधी का लिहिलेलं असतं, ते हे वाचल्यावर कळतं. ते काम आधी झालं नाही तर उरलेलं सगळं एखाद्या माणसाच्या छातीवर येऊन पडतं.

६. वेळ उलटी मोजा

हुकूम ९ वाजता मिळाला, एच-अवर (हल्ला सुरू करायची वेळ) ११. हातात दोन तास. कमांडरने स्वतःसाठी एक तृतीयांशच वेळ घ्यायचा, बाकीचा सेक्शनला द्यायचा. मागून मोजत या:

११:०० एच-अवर, स्टार्ट लाइन (जिथून हल्ला सुरू होतो ती रेघ) ओलांडायची.
१०:४५ रायफल ग्रुप शिंदीच्या वळणावर, एलएमजी ग्रुप ढिगावर, दोघंही तयार.
१०:२० निघायचं. नाल्यातून वाकून आणि शेवटी रांगत जाणं हळू होतं, म्हणून २५ मिनिटं.
१०:०० रिहर्सल, २० मिनिटं.
०९:४० ओ-ग्रुप (सगळ्यांना जमवून तोंडी आदेश), २० मिनिटं.
०९:०० ते ०९:४० रेकी (जमीन पाहून येणं), प्लॅन आणि मॉडेल.

हुकूम मिळाल्या मिळाल्या सेक्शनला पूर्वसूचना द्या: काम काय, निघायचं अंदाजे किती वाजता, ओ-ग्रुप कुठे. तुम्ही रेकीला गेलात तरी टूआयसी तेवढ्या वेळात हत्यारं, दारूगोळा, पाणी तपासून ठेवतो. पूर्वसूचना दिली नाही तर नऊ जण चाळीस मिनिटं नुसते बसून राहतात.

७. मॉडेल रांगोळीचं, पण दिशा खरी

दोन बाय दोन मीटरची जागा झाडून घ्या. उत्तरेचा बाण सगळ्यात आधी काढा आणि मॉडेलची उत्तर खऱ्या उत्तरेला लावा. सेक्शनला दक्षिणेला बसवा, म्हणजे मॉडेलवरची डावी बाजू ती खरी डावी. हे उलटं झालं तर नाल्यात जायच्या वेळी कुणीतरी हमखास शेतात घुसतं.

दोऱ्याने चौकोन पाडा, टेकाड मातीने उचलून घ्या, नाला बोटाने खणा, झाडांना काड्या, गवताला भुसा. आपली फौज निळी, दुश्मन लाल. प्रत्येक गोष्टीवर नावाची चिठ्ठी. आपल्या मराठी घरातल्या मुलींचा रांगोळीवर हात चांगला असतो आणि मॉडेल सुरेख होतं, पण नक्षीत वेळ घालवू नका. ढीग टेकाडापासून २५० मीटरवर असेल तर मॉडेलवरही त्याच प्रमाणात हवा. परीक्षक पट्टी लावतात.

८. ओ-ग्रुप: तोंडी आदेश

क्रम कधीही मोडू नका: जमिनीच्या खुणा, माहिती (दुश्मनाची आणि आपल्या फौजेची), मकसद, तरीका, प्रशासन, संचार आणि कमान. शेवटी घड्याळं मिळवणं आणि प्रश्न.

जमिनीच्या खुणा दाखवताना स्वतः टेकाडाकडे तोंड करून उभं राहा, हात लांब करा, डावीकडून उजवीकडे, आधी जवळचं मग लांबचं. एक खूण दाखवली की विचारा, "दिसली?" आणि कुणाला तरी ती पुन्हा दाखवायला लावा. अवघड जागा सांगायला घड्याळाची पद्धत वापरा, खूण म्हणजे घड्याळाचा मध्य धरून: "पळस, त्याच्या चार वाजता, झुडपाची कड."

मकसद दोनदा म्हणायचा, शब्द न बदलता. हल्ल्याच्या आदेशात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच.

तरीका सांगताना माणसांची नावं आणि नंबर घ्या. "रायफल ग्रुप डावीकडून जाईल" एवढ्याने भागत नाही. स्काउट (सगळ्यात पुढे चालणारा) कोण, त्याच्यामागे कोण, स्टार्ट लाइनवर कुणाच्या उजवीकडे कोण, ग्रेनेड कुणाकडे, आणि टेकाडावर पोहोचल्यावर कुणी कुठल्या दिशेला तोंड करून पडायचं. एलएमजी ग्रुपला जागा, निघायची वेळ, वाट, फायर सुरू करायची खूण, सरकवायची खूण, थांबवायची खूण.

प्रशासनात पाणी, दारूगोळा, जखमी कुठे आणायचे. संचारात शिट्टी, हाताचे इशारे, पासवर्ड. आणि सेक्शन कमांडर पडला तर टूआयसी, टूआयसी पडला तर कोण. हे सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नका. टूआयसी ढिगावर आहे, तुमच्यापासून लांब. रायफल ग्रुपमध्ये तुमची जागा लगेच कोण घेणार हे वेगळं सांगा.

प्रश्न विचारताना "कोई शक?" म्हणून थांबलात तर सगळे "नहीं" म्हणतात. त्यापेक्षा सगळ्यात शांत कॅडेटला विचारा, "फायर सरकवायची खूण कोणती?" त्याला सांगता आलं की आदेश पोहोचले.

९. मैदानावर

प्लॅन चांगला असला तरी वाटेत दुश्मनाने आधी फायर उघडलं तर ड्रिल लागतं: डाउन, क्रॉल, ऑब्झर्व्ह, साइट, फायर. जिथे पडलात तिथून सरपटून बाजूला व्हा आणि मगच डोकं वर काढा. पडताना तुम्हाला पाहिलेला दुश्मन त्याच जागेवर नेम धरून असतो. मग दुश्मन शोधणं, फायर फाइट जिंकणं, अटॅक आणि रीऑर्गनायझेशन (टेकाड मिळाल्यावर सेक्शन पुन्हा सावरणं).

फायर ऑर्डरचा क्रमही ठरलेला: टुकडी, फासला, निशाण, फायरचा प्रकार. "एलएमजी ग्रुप! ढाई सौ! अकेला पलाश, जड़ में झाड़ी! छोटे बर्स्ट! फायर!" प्रत्येक तुकड्यानंतर श्वासाएवढी जागा सोडा, म्हणजे एक नंबरला साइट लावायला वेळ मिळतो. सगळं एका दमात ओरडणारे कॅडेट जोशात दिसतात, पण समोरच्याला फक्त शेवटचा शब्द ऐकू येतो.

असॉल्टमध्ये रेघ तुटू देऊ नका. जोरात पळणारी एक-दोन मुलं पुढे निघतात आणि बाकीच्यांच्या फायरच्या वाटेत येतात. वेग सगळ्यात हळू माणसाचा धरा. कमांडरने रेघेच्या मधे राहायचं.

१०. टेकाड मिळाल्यावर

इथे जवळजवळ प्रत्येक सेक्शन ढिला पडतो. टेकाडावर पोहोचले की टाळ्या, हसणं, पाण्याच्या बाटल्या. पण प्रतिहल्ला येतो तो याच वेळी, कारण दुश्मनाला ती जागा मीटर-मीटरने माहीत असते. म्हणून न थांबता थोडं पुढे जा, टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर आड घ्या, ठरल्याप्रमाणे चारी दिशा धरा. एलएमजी ग्रुपला खुणेने वर बोलवा. ते येईपर्यंत रायफल ग्रुपने त्यांना कव्हर द्यायचं. मग माणसं मोजा, जखमी पाहा, दारूगोळा वाटून घ्या आणि प्लाटून कमांडरला कळवा. परीक्षेत या टप्प्याचे आदेश आधीच ओ-ग्रुपमध्ये दिलेले असले की परीक्षकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

सराव कुठे आणि कसा करायचा

कॉलेजच्या मैदानावर, एएनओंची परवानगी घेऊन, परेडच्या दिवशी. नकली बंदुका घेऊन बागेत किंवा रालामंडलच्या वाटेवर जाऊ नका. लोक घाबरतात, पोलीस बोलावतात आणि तक्रार कॉलेजात येते. रायफल म्हणून काठी, एलएमजी म्हणून थोडी जाड काठी पुरते. युनिफॉर्म फक्त अधिकृत कामाला घाला.

महू आपल्याला इतकं जवळ आहे की इन्फन्ट्री स्कूलचं नाव ऐकून मुलं मोटरसायकल काढून निघतात. छावणीच्या हद्दीत फोटो काढायचे नाहीत, फील्ड फायरिंग रेंजच्या बाजूला फिरायचं नाही. लाल झेंडा लावलेला असेल तर फायरिंग चालू आहे असंच समजायचं. तिथे काही पाहायचं असेल तर युनिटमार्फत रीतसर भेट ठरवून घ्या. २७ ऑक्टोबर हा इन्फन्ट्री डे. १९४७ साली याच दिवशी १ शीख बटालियनचे जवान श्रीनगरच्या विमानतळावर उतरले होते. अशा दिवसाच्या आधी एएनओंना विनंती केली तर भेट जमण्याची शक्यता जास्त.

नाल्यात सराव करणार असाल तर आधी काठीने गवत झोडपून पाहा, विशेषतः पावसाळ्यानंतर, कारण सापाचा धोका खरा असतो. सोयाबीन किंवा गव्हाच्या वाळल्या बुडख्यांत धुरासाठी फटाके अजिबात लावू नका, एका ठिणगीने शेजाऱ्याचं शेत जातं. आणि कुणाच्याही शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारा. माळव्यातले शेतकरी बहुतेकदा नाही म्हणत नाहीत, फक्त कुठल्या वाफ्यात पाणी सोडलं आहे ते सांगतात, आणि ते ऐकून मगच स्टार्ट लाइन ठरवा.